एकसष्ट नंबरची काच

मराठी मंडळाच्या या दिवाळी अंकासाठी मी लिहावं असं सबनीस काकूंनी फोन करून सांगितलं, तेव्हा त्यांचा नंबर चुकला असावा असं मला वाटलं. दिवाळी अंकात डॉक्टर त्यांच्या पेशंटबद्दल लिहितात, वकील खटल्यांबद्दल, निवृत्त स्टेशनमास्तर गाड्यांबद्दल. त्यांनी तीस-तीस वर्षं ते काम केलेलं असतं. मी ज्या कामाबद्दल लिहिणार आहे ते आठवड्याला वीस तास याप्रमाणे सव्वादोन वर्षं केलं, आणि त्यात माझ्या हातून घडलेली सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे एक चूक. आमच्या घरात बारावीच्या पुढं गेलेला मी पहिला माणूस. त्यामुळं कुणी लिहायला सांगितलं की अजूनही पेपर तपासला जाणार आहे असं वाटतं. कमीजास्त झालं तर सांभाळून घ्यावं.

२००२ साली मी ओहायोत इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगच्या एमएसला आलो. माझ्या विभागात मला काम मिळालं नाही. मिळालं ते कला-इतिहास विभागाच्या तळघरात, कारण तिथं कॉम्प्युटरवर याद्या करू शकणारा कुणीतरी हवा होता. मुलाखत घेतली डॉ. हॅलोरन यांनी. साठीच्या आसपासच्या, उंच, चष्मा कायम डोक्यावर आणि शोध कायम टेबलावर. त्यांनी मला विचारलं, "इस्लामी वास्तुकलेबद्दल तुला काय माहीत आहे?"

मी खरं सांगितलं. "काही नाही, मॅडम."

"छान," त्या म्हणाल्या. "म्हणजे तू दिसतं तेच लिहिशील."

काम असं होतं. एका कुटुंबानं विद्यापीठाला अकरा लाकडी खोकी दिली होती. त्यांत एकोणिसाव्या शतकात कैरोमध्ये काढलेले फोटो होते. कागदावरचे थोडे, आणि बाकीच्या काचेच्या प्लेटा, म्हणजे त्या काळची निगेटिव्ह. फोटोग्राफरचं नाव कुठंही नव्हतं. या माणसानं पिरॅमिड काढले नाहीत, उंट काढले नाहीत. त्यानं फक्त खिडक्या काढल्या होत्या. जुन्या घरांतल्या आणि मशिदींतल्या खिडक्या. चुन्यासारख्या गिलाव्याची जाड पाटी करायची, ती ओलसर असताना तिच्यात नक्षी कोरून आरपार भोकं पाडायची, आणि मागून प्रत्येक भोकात रंगीत काचेचा तुकडा बसवायचा. ऊन आलं की जमिनीवर रंग सांडतात. अशा खिडक्या पुढं पुष्कळ मोडल्या, विकल्या गेल्या, हरवल्या. म्हणून हे फोटो मोलाचे.

मी सुती हातमोजे घालून एकेक प्लेट कडेनं धरून उचलायची, उजेडाच्या पेटीवर ठेवायची, स्कॅन करायची, कॉम्प्युटरवर काळं-पांढरं उलटवून सुलटा फोटो करायचा, काठावर फोटोग्राफरनं कोरलेला नंबर टिपायचा आणि वर्णनाच्या रकान्यात जे दिसतं ते लिहायचं. "फुलदाणी, दोन बाजूंना सुरूची झाडं, वर कमान." तळघरात डबा खायला बंदी होती. ती आधी नव्हती. माझ्या पहिल्या आठवड्यातल्या लसणाच्या चटणीनंतर ती आली.

घरी फोन केला की अण्णा विचारायचे. अण्णांचा बार्शीत मंडप डेकोरेशनचा व्यवसाय आहे. "काय रं, काय काम देत्यात तुला?"

"खिडक्यांचे फोटो बघून खिडकीत काय आहे ते लिहायचं."

अण्णांनी हे आधी शेजारी बसलेल्या कुणालातरी सांगितलं. मग, "खिडकीच्या भायेर काय हाय ते?"

"नाही अण्णा. खिडकीतच. तिच्या नक्षीत."

"बरं," अण्णा म्हणाले. "जेवतोस का वेळेवर?"

आता थोडं या फोटोंच्या अडचणीबद्दल सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे. आणि आमच्याकडं येणारी गिऱ्हाइकंही याच अडचणीवर घसरायची. त्या काळच्या प्लेटांना रंग आपल्यासारखे दिसत नव्हते. निळी काच फोटोत पांढरी यायची आणि लाल काच काळी. त्यामुळं जगातल्या सगळ्यांत रंगीत खिडक्या आमच्याकडं राखेच्या रंगाच्या होत्या. एकदा एका बाईंचा फोन आला. त्यांना बाथरूमचा पडदा डिझाइन करायचा होता.

"तुमच्याकडे त्या रंगीत आहेत का?"

"नाही मॅडम. फोटो खूप जुने आहेत."

"पण खिडक्या रंगीत होत्या?"

"हो."

"मग रंग गेला कुठं?"

मी म्हणालो, विचारून सांगतो. दोन दिवस मी त्यासाठी विभागातली पुस्तकं चाळली. तिसऱ्या दिवशी मी त्यांना फोन करून निळ्या-लाल काचेचं सगळं समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि त्या म्हणाल्या की दरम्यान त्यांनी बदकांचा पडदा घेतला आहे.

दुसरे गिऱ्हाईक आपल्या मराठी मंडळाचेच. ओहायोतल्याच डब्लिन गावात राहणारे सबनीस काका, इन्शुरन्स कंपनीत आयटी मॅनेजर, आणि दर वर्षी गणपतीच्या मखराचे सर्वेसर्वा. मला त्यांनी पहिल्याच पिकनिकला पकडलं होतं. एकट्या राहणाऱ्या स्टुडंटला जेवायला बोलवायचं आणि जाताना काहीतरी काम द्यायचं, ही त्यांची पद्धत. माझं काम कळल्यावर ते म्हणाले, "अरे यार संतोष, दर वर्षी तेच ते कमळ आणि मोर. तू मला त्या खिडक्यांचे चार प्रिंटआउट दे. थर्मोकोलमध्ये कट करू, मागून जिलेटिन पेपर लावू, एलईडी सोडू. एकदम क्लास दिसेल."

मी डॉ. हॅलोरन यांना विचारलं. त्या इतक्या खूश झाल्या की त्यांनी स्वतः चार खिडक्या निवडून दिल्या. काकांनी गॅरेजमध्ये तीन वीकेंड घालवले. मखर तयार झालं, कापणी अप्रतिम, पण काकांनी रंग फोटोवरून घेतले होते. जिथं काळं तिथं काळा जिलेटिन, जिथं पांढरं तिथं पांढरा. गणपती रेडिओलॉजी डिपार्टमेंटमध्ये बसल्यासारखा दिसत होता. मी लाल-निळ्याचं समजावल्यावर काका म्हणाले, "हे तू मला आत्ता सांगतोस? उद्या प्राणप्रतिष्ठा आहे." मग काकू, मी आणि त्यांची मुलगी नेहा, आम्ही दुपारभर बसून काळे तुकडे काढले आणि लाल लावले. नेहा मधूनमधून म्हणत होती, "डॅड, धिस इज व्हाय वी आस्क क्वेश्चन्स फर्स्ट." डॉ. हॅलोरन आरतीला आल्या, मखराच्या मागं जाऊन वाकून बघत राहिल्या, आणि प्रसादाचे पाच मोदक खाऊन म्हणाल्या की कैरोबाहेर इतकी चांगली खिडकी त्यांनी पाहिली नाही. काका ते वाक्य अजून सांगतात. पाच मोदकांचं काकू सांगतात.

आता एकसष्ट नंबर.

ती प्लेट मी २००३ च्या थंडीत उचलली. सुलट्या फोटोत मोठी खिडकी, कडेनं जाळीदार नक्षी. आणि मधल्या भागात, नक्षीच्या आरपार पसरलेली, एक उभी गडद आकृती. डोकं, खांदे, वर उचललेले दोन्ही हात. आणि दोन्ही हातांच्या टोकाला चार-चार पाकळ्या. मी खूप वेळ बघत राहिलो. आमच्याकडं शेंदूर लावलेल्या दगडातही डोळे दिसतात. उभा आकार दिसला की मन आधी हात जोडतं आणि मग विचार करतं. मी वर्णनात लिहिलं, "प्रार्थना करणारी उभी व्यक्ती, हात वर, दोन्ही हातांत चार पाकळ्यांची फुलं."

संध्याकाळी यादी तपासताना डॉ. हॅलोरन त्या ओळीशी थांबल्या. चष्मा शोधला, डोक्यावर सापडला. प्लेट पेटीवर ठेवली. मग खुर्ची ओढून बसल्या.

"संतोष," त्या हळू म्हणाल्या, "अशा खिडक्यांत माणूस नसतो. झाडं असतात, फुलदाण्या असतात, अक्षरं असतात. तीस वर्षांत मी एकही माणूस पाहिलेला नाही."

"मग हा कोण, मॅडम?"

"तेच," त्या म्हणाल्या. "तेच तर."

त्या हुशार होत्या, सावध होत्या. पण मी लिहिलेलं त्यांनी आधी वाचलं होतं आणि प्लेट नंतर पाहिली. एकदा "हातांत फुलं" वाचल्यावर त्या पाकळ्या दुसऱ्या कशासारख्या दिसायच्याच नाहीत. गेली सहा वर्षं त्या या खिडक्यांच्या एका प्रदर्शनासाठी धडपडत होत्या आणि संग्रहालयवाले दर वर्षी म्हणायचे, विषय छान आहे पण लोक कशाला येतील. आता लोक येतील असं काहीतरी त्यांच्याकडं होतं. प्रदर्शन सप्टेंबर २००४ चं ठरलं. त्या निवृत्त व्हायच्या आधीचं शेवटचं वर्ष. पोस्टरवर एकसष्ट नंबर. विभागात सगळे त्याला "संत" म्हणायला लागले. माझी ओळख "ज्याला संत सापडला तो" अशी करून देत. मी घरी फोन करून सांगितलं. अण्णांनी ते चौकातल्या चहावाल्याला सांगितलं, आणि त्यानं मला कैरोत मूर्ती सापडली अशी बातमी गावभर केली.

मे महिन्यात नेहाचं लग्न झालं, केव्हिनशी. हॉल डब्लिनच्याच बाजूला, पश्चिमेला मोठमोठ्या खिडक्या, मुहूर्त संध्याकाळचा. अंतरपाट धरायला दोन माणसं हवी होती. मांडववाल्याचा मुलगा असल्यामुळं मी बार्शीत शेकडो लग्नांत अंतरपाट धरला आहे. उंची आहे, हात दुखत नाहीत, आणि घरचा मामा वेळेवर सापडला नाही की मलाच हाक मारत. काकांनी एका टोकाला मला उभं केलं आणि दुसऱ्या टोकाला केव्हिनचा चुलतभाऊ ब्रायन. ब्रायन सहा फूट पाच इंच. त्यानं त्याच्या सोयीनं टोक धरलं, त्यामुळं कापड तिरपं झालं आणि त्याच्या बाजूनं नवरा-नवरी एकमेकांना आरामात बघत हसत होते.

"ब्रायन, लोअर, लोअर," काका म्हणत होते. "नॉट सो लोअर."

दुसरं मंगलाष्टक सुरू असताना ब्रायनच्या खिशात फोन वाजायला लागला. मोठ्यानं. घाबरून त्यानं फोन काढायला टोक सोडलं. मी झटकन मधे सरकलो आणि अंतरपाट दोन्ही हातांनी डोक्यावर धरला. भटजी थांबले नाहीत. ब्रायन फोन बंद करायला बाहेर पळाला. आता स्थिती अशी की एका बाजूला नेहा हार घेऊन उभी, मधे कापड, कापडाच्या मागं मी, आणि माझ्या पाठीमागं नवरा.

काका कानाशी येऊन म्हणाले, "संतोष, सावधान म्हटल्याबरोबर खाली बस. नाहीतर हार तुझ्या गळ्यात पडायचा."

मी बसलो. हार नीट गेला. केव्हिनच्या आईनं नंतर मला विचारलं की हा विधी काय होता, नवऱ्याच्या पुढं एक माणूस का उभा असतो. काकूंनी सांगितलं, "सेफ्टी."

पुढच्या आठवड्यात काकांनी फोटोंची सीडी दिली. मी तळघरातल्या कॉम्प्युटरवर ती लावली. सदतिसावा फोटो नेहाच्या बाजूनं काढलेला होता. मागं पश्चिमेच्या खिडक्या, संध्याकाळचं ऊन. पांढरा अंतरपाट उजळलेला. त्यावर एक उभी गडद आकृती. डोकं, खांदे, वर उचललेले हात. आणि दोन्ही हातांच्या टोकाला, कापडाच्या काठावरून अलीकडं वळलेली माझी चार-चार बोटं. त्यांच्याकडं बघून कुणीही म्हणालं असतं, पाकळ्या आहेत.

मी एकसष्ट नंबरचा सुलटा फोटो शेजारी उघडला. मग दोन्हींकडं बघत बसलो.

थेट उन्हासमोर फोटो काढला की काचेची नक्षी फोटोत जळून पांढरी होते, आणि बिनरंगाच्या काचेतून मागची झाडं-भिंती दिसतात. म्हणून फोटोग्राफर खिडकीच्या बाहेर पांढरं कापड धरायला लावायचे, म्हणजे उजेड सगळीकडं सारखा येतो. हे मी दीड वर्षापूर्वी एका पुस्तकात वाचलं होतं. परीक्षेसारखं वाचलं होतं. ते कापड कुणीतरी धरत असणार, हे मला सुचलं नव्हतं.

त्या दिवशी मी अण्णांना फोन केला. सगळं सांगितलं. अण्णांनी अमेरिका, कैरो, संत, प्रदर्शन सगळं बाजूला ठेवून एकच प्रश्न विचारला. "मागं उभं राहायला जागा हाय का?"

"गच्ची असावी. खिडकी वरच्या मजल्याची आहे."

"मग गडी हाय तो. एकट्यानं चादर धरायची म्हंजे असंच. अंगठं आपल्या बाजूला, बोटं पल्याड. आन मान चादरीच्या मागं, न्हाईतर वारं तोंडावर मारतंय. किती वेळ हुबा करत्यात?"

"एक-दोन मिनिटं. हलायचं नाही."

"लई झाली," अण्णा म्हणाले. "त्याला पाणी तरी दिलं आसंल का त्यांनी?"

मग मी मुद्द्याला आलो. "अण्णा, हे मॅडमना सांगितलं तर त्यांचं प्रदर्शन जाईल. माझी नोकरीही जाईल कदाचित. आणि हे माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही."

"खांब हललेला तुला दिसला," अण्णा म्हणाले, "आन मांडवाखाली पंगत बसलीय. काय करशील?"

मी दुसऱ्या दिवशी सीडी घेऊन वर गेलो. डॉ. हॅलोरनच्या दारावर संताचं पोस्टर लावलेलं होतं. मी तयार केलेली तीन वाक्यं विसरलो आणि नुसता फोटो दाखवला. त्यांनी चष्मा शोधला. आळीपाळीनं बघितलं. एकदा पोस्टरकडं, एकदा पडद्याकडं. मी म्हणालो, "मॅडम, चूक माझी आहे. मी दिसलं ते लिहिलं नाही."

त्या रागावतील असं वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "हा फोटो लग्नाचा आहे. पुरावा नाही. मला खिडकीत दाखव."

म्हणून शनिवारी सकाळी नऊ वाजता मी विभागाच्या इमारतीच्या पोर्चच्या छपरावर, दुसऱ्या मजल्याच्या पूर्वेकडच्या खिडकीबाहेर, सबनीस काकूंची डबल बेडची पांढरी चादर डोक्यावर धरून उभा होतो. काका शिडी धरून खाली, कारण शिडी त्यांची आणि सूचनाही त्यांच्याच. आत विभागाचा फोटोग्राफर वॉल्ट जुना मोठा कॅमेरा लावून. काचेवर काकांच्या गॅरेजमधून आणलेला थर्मोकोलच्या मखराचा एक भाग चिकटवलेला. आणि दुर्दैवानं तो पदवीदानाचा दिवस होता. काळे झगे घातलेली मुलं, त्यांचे आईबाप, आज्या, फुगे, सगळे त्या रस्त्यानं चाललेले. एका कुटुंबानं माझ्यासह फोटो काढून घेतला.

वारा होता. चादर शिडासारखी फुगायची आणि मी एक पाऊल मागं जायचो.

"संतोष, स्टेडी," काका खालून. "टमी आत घे. सेंट लोकांना टमी नसते."

"काका, शिडी धरा फक्त."

तेवढ्यात कॅम्पस पोलिसाची गाडी थांबली. एक तरुण पोलीस उतरला. वर बघितलं, चादर बघितली, तिच्यावर काहीच लिहिलेलं नाही हे बघितलं, आणि तो जास्तच काळजीत पडला.

"सर, आपण कशाचा निषेध करताय?"

माझ्या डोळ्यांपुढं माझा व्हिसा उभा राहिला. हात मात्र खाली घेता येईनात, कारण आतून वॉल्ट ओरडला होता, "साठ सेकंद, हलू नको." बोललो तर तोंड हलेल म्हणून मी गप्प. न बोलणारा, न हलणारा, पोर्चवर चढलेला माणूस. पोलिसानं हात कमरेकडं नेला, रेडिओसाठी.

काका पुढं झाले. "नो प्रोटेस्ट, ऑफिसर. नो, नो. वेडिंग."

"लग्न? कुणाचं?"

"झालं ते. लास्ट वीक. माझ्या मुलीचं."

पोलीस माझ्याकडं बघून म्हणाला, "याच्याशी?"

"नो, नो. ही वॉज ओन्ली इन द मिडल."

तेवढ्यात खिडकीची वरची झडप उघडली आणि डॉ. हॅलोरन यांनी डोकं बाहेर काढलं. "ऑफिसर, त्याला हलवू नका," त्या म्हणाल्या. "तो माझा संत आहे."

पोलिसानं टोपी काढून डोकं खाजवलं. साठ सेकंद पूर्ण होईपर्यंत तो उभा राहिला, आणि शेवटची दहा त्यानं मोठ्यानं मोजली.

वॉल्टनं दुपारी प्रिंट दिली. डॉ. हॅलोरन यांनी ती एकसष्टच्या शेजारी ठेवली. दोन्हींतली आकृती सारखीच होती. त्या म्हणाल्या, "तुझी फुलं जास्त चांगली आली आहेत." मग उठून दाराजवळ गेल्या आणि पोस्टर काढलं. हळू काढलं, चारही कोपऱ्यांच्या टाचण्या एकेक करून.

इथपर्यंत मी ही गोष्ट पार्ट्यांमध्ये सांगतो आणि लोक हसतात. पुढचं सांगत नाही. त्यांनी संग्रहालयाला पत्र लिहून सगळं कळवलं. वर्णन माझं होतं, पण पत्रात चूक कुणाची हे सांगताना माझं नाव नव्हतं. "संतोषनं दुरुस्त केलं," एवढंच लिहिलं होतं. संग्रहालयानं प्रदर्शन पुढं ढकललं, मग आणखी पुढं, आणि मग त्याच्या जागी जुन्या मोटारींचं प्रदर्शन आलं. माझी नोकरी गेली नाही. उलट शेवटपर्यंत त्या मला पूर्वीसारखंच वागवत राहिल्या, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटायचं. तळघरात आम्ही उरलेल्या प्लेटा संपवल्या. फुलदाणी, सुरू, कमान. मी प्रत्येक ओळ तीनदा तपासायचो. त्यांनी मला एकदाही संत म्हटलं नाही.

२००४ च्या डिसेंबरात मी पदवी घेऊन टेक्ससमधल्या प्लेनोला आलो, टेलिकॉम कंपनीत. त्या पुढच्या उन्हाळ्यात निवृत्त होऊन व्हरमाँटमधल्या एका लहान गावी बहिणीकडं राहायला गेल्या. मी दर नवीन वर्षाला ईमेल करायचो. उत्तरं दोन ओळींची यायची, प्रेमळ, हवामानाबद्दल. गाडी चालवताना कधीकधी मनात येई की मी ती सीडी घरीच ठेवली असती तर काय बिघडलं असतं. शंभर सव्वाशे वर्षांपूर्वीचा एक माणूस आणखी थोडे दिवस संत राहिला असता. एक चांगली बाई आपलं सहा वर्षांचं काम भिंतीवर लागलेलं बघून घरी गेली असती. अण्णांनी सांगितलेलं खांबाचं बरोबर होतं, हे मला पटतं. पण मांडव उतरवल्यावर ज्यांची पंगत उठली, त्यांना काय सांगायचं हे अण्णांनी सांगितलं नव्हतं.

काकूंना मी लेख देतो म्हणालो आणि चार वेळा सुरू करून सोडला, कारण त्याला शेवट नव्हता. मागच्या महिन्यात डॉ. हॅलोरन यांची ईमेल आली. दोन ओळींची नव्हती.

त्यांनी लिहिलं होतं की न्यूयॉर्क राज्यातल्या एका छोट्या ग्रंथालयानं माळा साफ करताना एक लाकडी खोकं उघडलं आणि कुणीतरी त्यांचं नाव सुचवलं. त्या बसनं सहा तास प्रवास करून गेल्या. आत त्याच फोटोग्राफरच्या बावीस प्लेटा होत्या. त्यांतली एक आमच्या खोक्यांत नसलेली, बासष्ट नंबरची. तीच खिडकी, तोच कॅमेरा, जागाही तीच, एकसष्टनंतर काही मिनिटांनी काढलेली. तिच्यात चादर सुटलेली आहे. खिडकीच्या मधोमध, जिथं आम्ही संत पाहिला होता तिथं, नुसतं सुरूचं झाड आहे, आणि त्याच्या बिनरंगाच्या काचांतून मागचा माणूस दिसतो. त्याचा एक हात अजून वर आहे. दुसऱ्या हातानं तो उडालेली चादर पकडायला बघतोय, म्हणून तो हात धुरासारखा आला आहे. चेहरा थोडा हललाय, पण ओळखू येतो. मिशा आहेत. तो काचेतून थेट आत, कॅमेऱ्याकडं बघतोय आणि हसतोय.

"मी आयुष्यभर खिडक्यांकडं बघितलं," त्यांनी लिहिलं होतं. "खिडकीतून कुणी माझ्याकडं बघितलं नव्हतं."

खाली लिहिलं होतं की त्या ग्रंथालयाकडं एक खोली आहे, खुर्च्या हलवल्या तर तीस फोटो लागतात, आणि एप्रिलमध्ये खुर्च्या हलवणार आहेत. संग्रहालयाला विचारलेलं नाही. आमच्या विद्यापीठानं प्लेटा द्यायचं कबूल केलं आहे. दारासमोरच्या भिंतीवर बासष्ट नंबर एकटा असणार आहे.